अंगणातील कण्हेर आणि घरातील कुत्रा : प्रस्तावना

एखादे फुलझाड कुत्र्यासाठी सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न बहुधा होकार-नकाराच्या अपेक्षेने विचारला जातो. रोपवाटिकेतून कुंडी घरी आणणाऱ्याला एका शब्दाचे उत्तर हवे असते. पशुवैद्याला मात्र ते उत्तर देण्याआधी झाडाचा कोणता भाग, किती प्रमाणात, ओला की वाळलेला, किती वयाच्या आणि किती वजनाच्या कुत्र्याच्या पोटात गेला, हे सारे कळावे लागते. हे अंतर भरून काढण्यासाठी विषारी आणि बिनविषारी वनस्पतींच्या याद्या तयार झाल्या आणि त्यांचा उपयोगही झाला. परंतु अशा यादीत ज्याच्या पानाने कुत्र्याला फार तर एक-दोन उलट्या होतील ते झाड आणि ज्याच्या पानाने त्याचे हृदय थांबू शकेल ते झाड एकाच रकान्यात, एकाच ठशात छापलेले असते. परिणामी वाचक एक तर सगळ्या बागेचीच धास्ती घेतो, किंवा यादीतील दोन-चार ‘विषारी’ झाडे आपल्या कुत्र्याने चघळूनही त्याला काही झाले नाही हे पाहून सगळी यादीच थोतांड ठरवतो. यांपैकी दुसरी प्रतिक्रिया अधिक घातक म्हटली पाहिजे, कारण अनंताच्या पानाने काही झाले नाही या अनुभवावर विसंबणारा माणूस पुढे कण्हेरीच्या बाबतीतही तसाच निर्धास्त राहतो.

म्हणून प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी कण्हेर ठेवली असून इतर फुलझाडांचा विचार तिच्या अनुषंगाने केला आहे. या निवडीमागे दोन कारणे आहेत. महाराष्ट्रात देवपूजेच्या परडीपासून महामार्गाच्या दुभाजकापर्यंत जितकी कण्हेर दिसते तितके दुसरे जहाल विषारी फुलझाड क्वचितच दिसेल, हे पहिले. दुसरे असे की तिचे विष शरीरात नेमके कोठे आणि कसे काम करते याचे ज्ञान इतके तपशीलवार आहे की, ‘सुरक्षित’ या शब्दामागे कोणकोणते प्रश्न दडलेले असतात ते या एका झाडावरून बऱ्याच स्पष्टपणे दाखवता येते.

लिनियसने १७५३ मध्ये नेरियम ओलिअँडर असे शास्त्रीय नाव दिलेली ही वनस्पती भूमध्य समुद्राच्या काठापासून भारतीय उपखंडापर्यंत आणि त्याही पलीकडे नैसर्गिकरीत्या वाढते, आणि नेरियम या प्रजातीतील ती एकमेव जाती आहे. पांढरी, गुलाबी आणि तांबडी, एकेरी आणि दुहेरी अशी तिची फुले परिचित आहेत; ओळख पटवण्यासाठी मात्र फुलापेक्षा पान अधिक भरवशाचे, कारण लांबट, अरुंद, चिवट आणि मधोमध ठळक शीर असलेली तिची पाने फांदीच्या पेरावर सहसा तीन-तीनच्या मंडलात येतात आणि देठ मोडताच चीक पाझरतो. ज्यांनी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्रात्यक्षिक केले आहे त्यांनी या पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली हमखास पाहिलेला असतो. पानाच्या खालच्या बाजूस खोलगट खळगे, त्या खळग्यांत दडलेली पर्णरंध्रे, म्हणजे पानाने श्वसन आणि बाष्पोत्सर्जन करण्याची सूक्ष्म छिद्रे, आणि त्यांवर पांघरूण घालणारे केस अशी ती रचना कोरड्या हवामानात पाणी राखून ठेवण्यासाठी असते. याच काटकसरीमुळे कण्हेर तापलेल्या डांबराच्या कडेला, धुरात, आठवड्याच्या आठवडे पाणी न मिळताही फुलत राहते. समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांची तिरीप ती अडवते, आणि मोकाट गुरे-शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. रस्ते बांधणाऱ्यांना हा शेवटचा गुण विशेष सोयीचा वाटतो. जनावरे तिला तोंड का लावत नाहीत, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

कण्हेरीचीच धाकटी बहीण समजली जाणारी पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, ही प्रत्यक्षात वेगळ्या प्रजातीतील वनस्पती असून तिचे मूळ स्थान मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण भाग हे आहे. तिची फुले घंटेसारखी आणि पाने अधिक चकचकीत असतात, आणि तिला हिरवी, पिकल्यावर काळपट होणारी, किंचित त्रिकोणी फळे येतात. या फळांतील टणक बिया म्हणजे खेड्यापाड्यांतील मुलांच्या खेळातल्या ‘बिट्ट्या’. दोन्ही वनस्पती एकाच कुलातील असून दोहोंत एकाच वर्गाचे विष असल्यामुळे कुत्र्याच्या दृष्टीने त्यांत फरक करण्याचे कारण नाही. फरक करायचाच झाला तर तो एवढाच की बिट्टीचे सर्वाधिक विष बियांत एकवटलेले असते, आणि जमिनीवर घरंगळणारी, चेंडूसारखी तोंडात धरता येणारी गोष्ट पिल्लाला पानापेक्षा अधिक खुणावते.

कण्हेर जनावरांना मारते हे ज्ञान अलीकडचे नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने आपल्या औषधिग्रंथात कण्हेरीची पाने-फुले कुत्री, गाढवे, खेचरे आणि बहुतेक चतुष्पाद प्राण्यांना मारक असल्याचे नोंदवले आहे, आणि त्या यादीत कुत्र्याचे नाव आरंभीच येते. गंमत अशी की तोच वैद्य पुढे हीच वनस्पती मद्यातून घेतल्यास माणसाला विषारी प्राण्यांच्या दंशावर उपयोगी पडते असे सांगतो, आणि त्याच्याच शतकातील रोमन लेखक प्लिनी यानेही जनावरांना विष आणि माणसाला औषध असा हा भेद जवळजवळ तसाच मांडला आहे. हा भेद खरा नाही. कण्हेर माणसालाही तितकीच घातक आहे. भारतीय परंपरा या बाबतीत अधिक सावध दिसते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मुळांत विष असणाऱ्या आठ वनस्पतींमध्ये अश्वमार, म्हणजे घोड्याला मारणारी, या नावाने कण्हेर मोजली आहे, आणि पुढच्या रसशास्त्रातही तिला उपविषांच्या, म्हणजे शोधनसंस्काराशिवाय औषधात वापरू नयेत अशा द्रव्यांच्या, वर्गात घातले आहे. नेपोलियनच्या सैनिकांनी कण्हेरीच्या काड्यांवर मांस भाजून खाल्ले आणि ते मेले, ही युरोपात वारंवार सांगितली जाणारी कथा मात्र ऐतिहासिक पुराव्याने सिद्ध झालेली नाही. अमेरिकेत संशोधकांनी अशा काड्यांवर सॉसेज भाजून त्यांत उतरलेले विष मोजले तेव्हा ते नगण्य भरले. कण्हेरीची भीती खरी असली तरी तिच्याभोवती रचलेली प्रत्येक गोष्ट खरी असतेच असे नाही, एवढे यातून लक्षात ठेवावे.

या विषाला हृदय-ग्लायकोसाइड म्हणतात. ग्लायकोसाइड म्हणजे शर्करेच्या रेणूशी जोडलेले संयुग, आणि हृदय-ग्लायकोसाइड म्हणजे त्यांतील असा गट जो हृदयाच्या स्नायूवर थेट परिणाम करतो. कण्हेरीतील प्रमुख संयुग ओलिअँड्रिन आणि बिट्टीतील थेव्हेटिन ही याच गटातील होत. आधुनिक वैद्यकाला या गटाची ओळख कण्हेरीमुळे झाली नाही; ती झाली इंग्लंडमधील फॉक्सग्लव्ह या फुलझाडामुळे, ज्याच्या पानांचा जलोदर आणि अंगावरील सूज यांवर उपयोग करून विल्यम विदरिंग या वैद्याने आपली निरीक्षणे १७८५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याच प्रजातीतून पुढे डिगॉक्सिन हे औषध मिळाले, जे आजही माणसांच्या आणि कुत्र्यांच्याही काही हृदयविकारांत दिले जाते. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत येथे फारच थोडे अंतर असते, हे विदरिंगलाही ठाऊक होते. डिगॉक्सिन देताना पशुवैद्य रक्तातील त्याचे प्रमाण तपासत राहतो ते याच कारणासाठी. कण्हेरीचे पान चघळणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत अशी मोजदाद करणारा कोणी नसतो.

विष काम कसे करते हे समजण्यासाठी पेशीच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंपाची ओळख करून घ्यावी लागते. हा पंप म्हणजे पेशीच्या आवरणात बसवलेले एक प्रथिन असून ते ऊर्जा खर्च करून सोडियम सतत पेशीबाहेर टाकते आणि पोटॅशियम आत घेते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना १९५७ मध्ये त्याचा शोध लावला आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हृदय-ग्लायकोसाइड नेमके या पंपाला चिकटते आणि तो बंद पाडते. पंप थांबला की पेशीत सोडियम साचते. सोडियम साचले की, एरवी सोडियम आत घेऊन कॅल्शियम बाहेर टाकणारी दुसरी यंत्रणा मंदावते आणि पेशीत कॅल्शियमही साचू लागते. स्नायूचे आकुंचन कॅल्शियमवर अवलंबून असल्यामुळे हे कॅल्शियम थोडे वाढले तर हृदय अधिक जोराने आकुंचन पावते, आणि औषधाचा उपयोग तो हाच. ते प्रमाणाबाहेर वाढले तर हृदयाच्या पेशी अवेळी, आपापल्या परीने उद्दीपित होऊ लागतात. त्याच वेळी मेंदूकडून हृदयाला जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाणारा विद्युत्संदेश अडखळतो, आणि पेशीत जाऊ न शकलेले पोटॅशियम रक्तात वाढत जाते. म्हणजे एकाच विषामुळे हृदय मंदावतेही आणि बेताल धावतेही, आणि एकाच कुत्र्यात काही तासांच्या अंतराने दोन्ही गोष्टी दिसू शकतात.

हा पंप प्राण्यागणिक थोडा वेगळा असतो, आणि ‘सुरक्षित कोणासाठी’ हा प्रश्न येथे रासायनिक पातळीवर उभा राहतो. उंदरांच्या हृदयातील पंपाला हे विष नीट चिकटू शकत नाही, त्यामुळे उंदीर ज्या मात्रेत तग धरतो त्या मात्रेत कुत्रा तग धरीलच असे म्हणता येत नाही. काही पतंगांच्या आणि फुलपाखरांच्या अळ्या तर कण्हेरीच्या पानांवरच वाढतात. बागेत कण्हेरीची पाने कडेने कुरतडलेली आढळली तर ‘किडे खातात म्हणजे झाड निर्धोक असेल’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, तो टाळावा.

कण्हेर अत्यंत कडू असते, आणि या कडूपणावर विसंबून पुष्कळ मालक निश्चिंत असतात. त्यात तथ्य नाही असे नव्हे. प्रौढ, पोटभर खाल्लेला, फिरायला नेला जाणारा कुत्रा कुंपणाला उभ्या असलेल्या कण्हेरीची ताजी पाने ओरबाडून खाण्याची शक्यता खरोखरच कमी असते, आणि दुभाजकावर मैलोन्‌मैल कण्हेर असूनही रस्त्यावरची कुत्री तिच्यामुळे पटापट मरताना दिसत नाहीत याचे हेच स्पष्टीकरण आहे. परंतु विषबाधा घडते ती सहसा उभ्या झाडामुळे नव्हे. ती घडते छाटणीनंतर. माळ्याने कापलेल्या फांद्यांचा ढीग कोपऱ्यात पडून राहतो, पाने वाळतात, वाळताना त्यांचा कडूपणा कमी होतो आणि विष मात्र जवळजवळ तसेच राहते. असा पाचोळा जेवणाच्या भांड्यात किंवा पाण्याच्या पातेल्यात उडून पडतो, किंवा त्याच्यात लोळणारे पिल्लू तो सहज चघळते. कण्हेरीची फांदी सरळ, गुळगुळीत आणि हाताला बरी लागणारी असल्यामुळे ती फेकून कुत्र्याला आणायला लावण्याचा खेळही खेळला जातो, आणि या खेळात कुत्रा काठी नुसती उचलत नाही, तो ती दाढांखाली भरडतो. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून पक्के दात येत असताना पिल्लांच्या हिरड्या शिवशिवतात आणि जे सापडेल ते ती चावतात. त्या वयात कडू-गोडाचा विवेक फारसा उपयोगी पडत नाही. कण्हेरीची फुले ठेवलेल्या फुलदाणीतील पाण्यातही विष उतरते, आणि घरातील कुत्र्याला फुलदाणीचे पाणी व त्याच्या भांड्यातील पाणी यांत भेद करण्याचे कारण नसते.

महाराष्ट्रापुरता आणखी एक प्रसंग वेगळा नोंदवला पाहिजे. गणेशचतुर्थीला वाहिल्या जाणाऱ्या एकवीस पत्रींच्या प्रचलित यादीत कण्हेर आहे, धोतरा आहे आणि रुईही आहे. यांपैकी रुईतही हृदय-ग्लायकोसाइड असतात आणि धोतऱ्यात मेंदूवर व मज्जासंस्थेवर काम करणारी वेगळी विषे असतात. बाजारातून आणलेली पत्रीची जुडी घरात येते तेव्हा ती पाटावर, सुपात किंवा जमिनीवर पसरून निवडली जाते. पूजा झाल्यावर मूर्तीसमोर ती दीड दिवस, पाच दिवस, कोठे दहा दिवस राहते, आणि मग कोमेजलेल्या दूर्वा, नैवेद्याचा तुपाचा ओघळ लागलेली फुले आणि पत्री असे सगळे निर्माल्य एका पिशवीत किंवा परडीत भरून विसर्जनापर्यंत दाराशी ठेवले जाते. जमिनीलगत ठेवलेली, वाळत आलेली आणि वर तुपा-गुळाचा वास लागलेली ही परडी म्हणजे कण्हेरीच्या कडूपणावर पांघरूण घालणारी जवळजवळ प्रत्येक परिस्थिती एकत्र आणणारी जागा होय. पत्री वगळावी असे येथे सुचवायचे नाही. ती आणि नंतरचे निर्माल्य कुत्र्याच्या तोंडापेक्षा उंच ठेवावे, एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

देवपूजा आणि कण्हेर यांचा प्रश्न इतरत्रही उभा राहिला आहे. केरळात कण्हेरीला अरळी म्हणतात. तेथे एका तरुणीचा मृत्यू कण्हेर चघळल्यामुळे झाला असावा असा संशय व्यक्त झाला, त्याच सुमारास कण्हेरीची पाने खाऊन गाय आणि वासरू दगावल्याची बातमीही आली, आणि मे २०२४ मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळाने आपल्या मंदिरांतील नैवेद्यात व प्रसादात ही फुले न वापरण्याचा निर्णय घेतला. ही फुले पूजेतून पूर्णपणे वगळली नाहीत. जे भक्ताच्या हातात आणि तोंडात जाऊ शकते तेथून ती काढली. झाड तोडण्याऐवजी त्याची जागा बदलण्याचा हा विचार कुत्री असलेल्या घरालाही तसाच लागू पडतो.

किती पाने घातक, हा पुढचा प्रश्न. पशुवैद्यकीय ग्रंथांत घोड्या-गुरांसाठी शरीराच्या वजनाच्या सुमारे ०.००५ टक्के इतकी वाळलेली पाने प्राणघातक ठरू शकतात असे सांगितलेले असते, आणि पूर्ण वाढलेल्या घोड्यास दहा-वीस पाने पुरतात असे त्याचे सोपे रूप आहे. हा हिशेब कुत्र्याला जसाच्या तसा लावता येत नाही. घोड्याला उलटी करता येत नाही, कुत्र्याला येते. आणि कण्हेर जठराला तीव्र दाह करीत असल्यामुळे बरेचदा कुत्रा खाल्लेल्यातील मोठा भाग ओकून टाकतो आणि त्यामुळेच वाचतो. परंतु दहा किलो वजनाच्या कुत्र्याबाबत हाच आकडा मांडला तर तो अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येतो, आणि त्यात चुकीला जागा ठेवली तरी ‘एकच पान तर खाल्ले आहे’ या वाक्याचा धीर वाटू नये इतका तो लहान आहे. पानाचे वय, ऋतू, फुलाचा वाण यांनुसार विषाचे प्रमाण बदलते, म्हणून कोणतीही ‘सुरक्षित मात्रा’ सांगणे पशुवैद्य टाळतात, आणि ते योग्यच आहे.

लक्षणे सहसा काही तासांत दिसू लागतात. लाळ गळणे, उलट्या, पोटदुखी आणि कधी रक्तमिश्रित जुलाब ही आधीची. त्यानंतर गळून जाणे, पाय थंड पडणे, नाडी मंद किंवा अनियमित होणे, थरथर, झटके, आणि काही वेळा मधली कोणतीच पायरी न दिसता अचानक मृत्यू. यातील पहिला टप्पा फसवा असतो. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले की पार्व्हो या विषाणूजन्य आजाराचा संशय आधी येतो, आणि तो संशय वाजवीही असतो. पण त्याच वेळी अंगणात कण्हेर छाटली गेली होती हे पशुवैद्याला सांगितले गेले नाही, तर हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढण्याची घाई कोणी करणार नाही. म्हणून कुत्र्याला दवाखान्यात नेताना चघळलेली डहाळी किंवा उलटीत पडलेले पान कागदात गुंडाळून सोबत नेण्याचा उपयोग होतो. झाडाचे नाव माहीत नसले तरी पानाचा नमुना किंवा मोबाईलवरील छायाचित्र पशुवैद्याचे बरेच काम हलके करते.

उपचार करताना पशुवैद्य, वेळ फार गेलेली नसेल तर, उलटी करवतो, जठरातील विष धरून ठेवण्यासाठी खास तयार केलेल्या कोळशाची भुकटी पाजतो, सलाईन लावतो, मंद झालेल्या नाडीसाठी ॲट्रोपिन आणि बेताल ठोक्यांसाठी वेगळी औषधे देतो, आणि रक्तातील पोटॅशियमवर लक्ष ठेवतो. या विषावर खरा उताराही आहे. डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांचे तुकडे, म्हणजे मेंढीच्या शरीरात तयार करवून घेतलेली आणि विषाच्या रेणूला रक्तातच पकडून निकामी करणारी प्रथिने, बिट्टीच्या विषबाधेवर परिणामकारक ठरतात हे श्रीलंकेत माणसांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. श्रीलंकेत १९८० च्या दशकापासून, प्रथम जाफना भागात, बिट्टीच्या बिया खाऊन आत्महत्येचा प्रयत्न करण्याचे प्रमाण वाढले होते. या विषाविषयी आज जे वैद्यकीय ज्ञान आहे त्याचा फार मोठा भाग त्या दुःखद अनुभवातून आलेला आहे. हा उतारा इतका महाग असतो की कुत्र्यांच्या सर्वसाधारण दवाखान्यात तो मिळेल असे गृहीत धरता येत नाही, आणि वेळेचे महत्त्व त्यामुळेच वाढते. वेळ वाया जातो तो मुख्यतः घरगुती उपायांत. दूध किंवा तूप पाजल्याने हे विष उतरत नाही. उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजणे तर उघड अपायकारक आहे, कारण त्याने रक्तातील सोडियम वाढून मिठाचीच विषबाधा होऊ शकते, आणि ज्या कुत्र्याचे क्षार आधीच बिघडलेले आहेत त्याच्यावर ती दुसरी आपत्ती ओढवते.

कण्हेरीवरून इतर झाडांकडे वळताना तिचे कुल पाहणे उपयोगी ठरते, पण ते पुरेसे नाही. सदनिकांच्या गॅलरीत हल्ली हौसेने ठेवले जाणारे, फुगीर बुंध्याचे आणि गुलाबी फुलांचे अडेनियम कण्हेरीच्याच कुलातील असून त्यातही हृदय-ग्लायकोसाइड असतात. आफ्रिकेत त्याचा चीक बाणांना लावण्याची प्रथा होती. त्याच कुलातील चाफ्याचा चीक मात्र तोंडाला आणि पोटाला त्रास देतो, हृदयाला घातक ठरत नाही. सदाफुलीही याच कुलातली, आणि तिची गोष्ट सर्वांत विलक्षण आहे. तिच्यातील अल्कलॉइड, म्हणजे नत्रयुक्त कडू संयुगे, पेशींचे विभाजन रोखतात, आणि म्हणून कुत्र्याने सदाफुली चरणे घातक ठरू शकते. परंतु त्यांपैकीच व्हिन्क्रिस्टीन हे कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर होणाऱ्या, समागमातून पसरणाऱ्या गाठींवरचे प्रमुख औषध आहे. भारतातील भटक्या कुत्र्यांत हा आजार पुष्कळ आढळतो, आणि दर आठवड्याला एक याप्रमाणे दिलेल्या काही इंजेक्शनांनी तो बहुतेकदा पूर्ण बरा होतो. अशा झाडाला यादीच्या कोणत्या रकान्यात घालावे?

कुलाबाहेरच्या झाडांपैकी गुलाब, मोगरा आणि जाई ही कुत्र्याच्या दृष्टीने निर्धोक समजावीत. जास्वंदीची फुले कुत्रे खातात आणि पचवतात, फार खाल्ली तर पोट बिघडते. झेंडू फारसा त्रासदायक नाही. अनंताने उलट्या होऊ शकतात, बोगनवेलीचे काटे तिच्या रसापेक्षा अधिक उपद्रवी असतात. कळलावीचा कंद मात्र अत्यंत विषारी असून तो उकरणाऱ्या कुत्र्यापासून जपावा लागतो, आणि रंगीत फुलांचे कलांचो किंवा अंगणात वाढणारी पानफुटी यांतही हृदयावर परिणाम करणारी, कण्हेरीशी दूरचे नाते सांगणारी द्रव्ये असतात. फुलझाड नसूनही सायकसचा उल्लेख टाळता येत नाही. रोपवाटिकेत ‘पाम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या झाडाच्या बिया यकृत निकामी करतात, आणि कुत्री त्या आवडीने खातात.

या सगळ्यावरून कण्हेर उपटून टाकावी असा निष्कर्ष निघत नाही. रस्त्याच्या दुभाजकावर, शेताच्या बांधावर किंवा प्रौढ, शांत कुत्रा असलेल्या अंगणाच्या दूरच्या कुंपणाला ती असण्यास हरकत घ्यावी असे काही नाही, मात्र छाटणी झाली की फांद्या त्याच दिवशी उचलल्या जाव्यात आणि त्या जाळू नयेत, कारण धुरातूनही त्रास होतो. ज्या घरात पिल्लू यायचे आहे, किंवा कुत्रा दिवसभर एकटा बांधलेला असतो आणि कंटाळ्याने मिळेल ते कुरतडतो, तेथे कण्हेर, बिट्टी आणि अडेनियम नसावीत. नगरपालिकांच्या बागांत कुत्र्यांना फिरवण्यासाठी जागा राखून ठेवण्याची पद्धत आता येऊ लागली आहे. अशा जागांच्या कडेला, देखभाल कमी लागते म्हणून, कण्हेर लावली जाऊ नये इतकी अपेक्षा अवाजवी नाही. रोपवाटिकांनी कुंडीवरच्या चिठ्ठीवर किंमत आणि पाणी देण्याची सूचना जेथे लिहितात तेथेच विषारीपणाची एक ओळ घातली तर पुष्कळ काम होईल.

विवेचनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. येथे विचार केवळ कुत्र्यांचा केला आहे, गुरांचा आणि मांजरांचा नाही. गुरांच्या बाबतीत चारा, कुंपण आणि दुष्काळातील भूक हे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांवर स्वतंत्रपणे लिहिले गेले पाहिजे. मांजरांविषयी सावधगिरीची सूचना मात्र येथेच देणे भाग आहे, कारण कुत्र्यांसाठी केलेली यादी बहुतेक घरांत मांजरांसाठीही वापरली जाते. पुष्पगुच्छात येणारी खरी लिली कुत्र्याने चघळली तर सहसा पोटाच्या तक्रारीपलीकडे काही होत नाही. मांजराच्या अंगाला लागलेला तिचा पराग त्याने चाटला तरी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि तेथे दवाखाना गाठण्यासाठी हाताशी असलेला वेळही तासांतच मोजावा लागतो.